जमावबंदी आणि रिंगण

प्रिय दंडारी,



तुला पत्र लिहायचा मला काय अधिकार, या विचारात दोन दिवाळ्या निघून गेल्या. मी गोंड नाही. मी किनवटकडची. पण १९५६ पर्यंत आमचं किनवट तुझ्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. मग राज्यं नव्यानं आखली गेली, किनवट आणि राजुरा इकडे, आजच्या महाराष्ट्रात आले, बाकीचा जिल्हा तिकडे, आजच्या तेलंगणात राहिला. तू, गोंडांची नाचाची परंपरा, मात्र दिवाळीच्या तोंडावर दोन्हीकडे येत राहिलीस. आमच्याकडे तुला दंडार म्हणतात आणि मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्या तुझ्या गुसाडीला घुसाडी. एवढ्या ओळखीवर लिहिते आहे.

पहिली आठवण भीतीची आहे. ढोल वाजायला लागला की आम्ही पोरं गल्लीच्या तोंडाशी धावायचो आणि घुसाडी दिसला की तितक्याच वेगानं परत. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, त्यात शिंगं, अंगभर राख, खांद्यावरून टाकलेलं कातडं, हातात काठी. मी आजीच्या पदराआड लपले होते. त्या वर्षी मला महिनाभर ताप येत-जात होता. आजीनं मला पुढं ढकललं आणि म्हणाली, “डोकं खाली कर.” घुसाडीनं काठी माझ्या डोक्याला टेकवली. जोरात नाही, आपण झोपलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून बघतो तशी. ताप त्यानंतर गेला की आधीच उतरणीला लागला होता, ते मला सांगता येणार नाही. पण काठी टेकताना माझ्या मागे अर्धं गाव उभं होतं, आणि त्या सगळ्यांना माझा ताप माहीत होता, हे मी आजही अंगानं आठवू शकते.

तुझ्या गावांत आजारी माणसं गुसाडीच्या वाटेत आडवी होतात, त्याच्या काठीचा स्पर्श मागतात. त्या दिवसांत गुसाडी म्हणजे तुझ्या लेखी माणूस राहिलेला नसतो. त्याच्या अंगी एत्मासूर हा पेन, म्हणजे तुमचा देव, आलेला असतो. तुझ्या पहिल्या दिवशीच्या भोगीपासून शेवटच्या कोलाबोडीपर्यंत तो आंघोळ करत नाही, नेम पाळतो. हे सगळं मी देवभोळेपणा म्हणून बाजूला ठेवू शकले असते. शिकल्यावर काही वर्षं तसं ठेवलंही. पण मग तुझ्या आदिलाबादमधल्या इंद्रवेल्लीबद्दल वाचत गेले, आणि तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

२० एप्रिल १९८१. सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. गिरिजन रैतू कुली संघानं जमिनीच्या प्रश्नावर सभा बोलावली होती. सभेला परवानगी नव्हती, जमावबंदी लागू होती. पण डोंगरातल्या गुड्यांवरून, वस्त्यांवरून लोक पहाटेच निघाले होते, काही सभेला, काही नुसते मीठमिरचीला. सोमवारी इंद्रवेल्लीला जायचं, हे कायद्याच्या कितीतरी आधीचं ठरलेलं होतं. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. सरकारनं मेलेल्यांचा आकडा १३ सांगितला. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी त्याच्या कितीतरी पट सांगितला. एक पोलिसही त्या दिवशी मेला. जखमी दवाखान्यात जायला घाबरले, कारण जखम दाखवणं म्हणजे आपण तिथं होतो हे कबूल करणं.

पुढं १९८३ मध्ये तिथं लाल स्तंभ उभा राहिला. १९८६ मध्ये तो स्फोटकं लावून पाडला गेला. दुसऱ्या वर्षी सरकारच्याच आदिवासी विकास यंत्रणेनं तो पुन्हा बांधला. आणि मग वर्षानुवर्षं दर २० एप्रिलला त्या स्तंभाभोवती कलम १४४ लागायचं. ज्यांची माणसं तिथं पडली, त्यांनाच त्या दिवशी तिथं जमता येत नव्हतं. फुलं वाहायला यायचं तर एकेकट्यानं, किंवा दुसऱ्या दिवशी, किंवा नाहीच.

दंडारी, मला या सगळ्यात ‘जमाव’ हा शब्द सारखा टोचतो. गोळी चालली ती जमावावर. नंतर बंदी आली ती जमावावर. माणसाला आपलं माणूस गेल्याचं दुःख असतंच. त्याच्या जोडीला तुमच्या लोकांच्या अंगात दुसरं एक भय शिरलं असणार: एकत्र आलो तर मरण येतं. बाजाराला जाणं, सोयऱ्याच्या गावी जाणं, पंचायतीला बसणं, या रोजच्या गोष्टींत ते भय घुसतं. ज्युडिथ हर्मन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातावर एक मोठं पुस्तक लिहिलं. अत्याचार माणसाला आपल्या माणसांपासून तोडतो, म्हणून बरं होणं एकांतात होत नाही, नात्यांतच होतं, असा त्याचा गाभा आहे. मला तो वाचताना तूच आठवत होतीस. कारण तुझं काहीच एकट्यानं होत नाही. एका माणसाची दंडार नसते. ढोल एकाचा, पेपरे दुसऱ्याचं, टोप बांधायला तिसरा, आणि नाचायला अख्खी ओळ. शिवाय तू एका गावात थांबत नाहीस. एका गावची मंडळी वाजतगाजत दुसऱ्या गावाला जाते, तिथलं गाव सामोरं येतं, पाहुण्यांना जेवू घालतं, रात्रभर नाच होतो, सकाळी निरोप. सोयरिकी तिथंच जुळतात. जमाव म्हणजे मरण, असं ज्यांना बंदुकीनं शिकवलं, त्यांना तू दरवर्षी पायांनी उलटं शिकवतेस. हे कुणी योजना आखून केलेलं नाही, म्हणून त्याची नोंदही कुठल्या अहवालात नाही.

त्याच १९८१ सालची आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी मारलवाईच्या कनक राजूंनी आपल्या मंडळींसह दिल्लीत गुसाडी नाचवला, पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर. देशानं टाळ्या वाजवल्या. त्याला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा इंद्रवेल्ली घडलं. जे मोरपीस दिल्लीत चालतं, त्याच मोरपिसाखालच्या माणसानं स्वतःच्या बाजारात उभं राहून जमिनीबद्दल बोललेलं मात्र चालत नाही, हे त्या तीन महिन्यांत जितकं उघड झालं तितकं क्वचितच झालं असेल.

आता तुझ्यामाझ्या पौर्णिमेबद्दल. आम्ही कोजागिरीला दूध आटवतो, चंद्राला दाखवतो, रात्र जागवतो. तुझ्याकडे ती आश्विन पौर्णिमा गोंड पुढारी कोमरम भीमाची. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना मारलं. बारा गावांची जमीन, जंगल आणि पाणी आमचं आम्हाला राहू द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. तुझे लोक त्याचं स्मरण इंग्रजी तारखेनं करत नाहीत, तिथीनं करतात. आणि त्या पौर्णिमेमागोमाग तुझे दिवस लागतात. आधी मेलेल्याची आठवण, मग ढोल. मी हे लहानपणापासून बघत होते, पण हा क्रम माझ्या लक्षात यायला चाळीस वर्षं लागली. आमच्या घरांत सुतक फिटल्याशिवाय गोड होत नाही. तुझ्याकडे दुःख आणि नाच एकमेकांच्या वाटेतून हटत नाहीत, एकाच्या पाठोपाठ एक येतात.

जोडेघाटनंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक का उठले. उत्तर शोधायला हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आला. तो बायकोसह मारलवाईत राहिला, गोंडी शिकला, १९४३ मध्ये तिथं गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र सुरू झालं. त्याला आणि त्याच्या बायकोला, एलिझाबेथबाईंना, तुझ्या लोकांनी मारलवाईतच जागा दिली आहे, समाधीला. त्यांच्यावर मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यांनी जे लिहिलं त्यातला एक भाग आम्हा मराठी लोकांनी वाचायला हवा, तो जमिनीचा. काळी कापसाची जमीन, आणि ती गोंडांच्या हातून कशी निसटली. रस्ते आले, आगगाडी आली, मागोमाग नदीपलीकडून वऱ्हाडातून, दक्षिणेकडून तेलंगणातून शेतकरी, व्यापारी, सावकार आले. कागद ज्याच्या हातात, जमीन त्याच्या नावावर. १९५९ चा कायदा आला, तो १९७० मध्ये आणखी कडक झाला, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेता येणार नाही असं ठरलं. तोवर बरंच होऊन गेलं होतं, आणि जे राहिलं होतं तेही वेगवेगळ्या वाटांनी जात राहिलं. इंद्रवेल्लीची सभा याच प्रश्नावर होती.

आमच्या घरात एक वही होती. आजोबांचं कापडाचं आणि किराण्याचं दुकान होतं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोरी बांधलेली वही. त्यात आजोबांच्या मोडीवळणाच्या देवनागरीत नावं लिहिलेली: माणसाचं नाव, गाव, लुगडी किती, मीठ किती, रोख किती, आणि पुढच्या रकान्यात कापूस किती आला. नावं बहुतेक तुझ्या लोकांची. पुढच्या रकान्यातले आकडे मागच्या रकान्याला कधीच गाठत नाहीत. वही मी पहिल्यांदा नीट वाचली ती आजोबा गेल्यावर, तिशी उलटल्यानंतर. तोवर मी त्यांना देवमाणूस समजत होते. ते प्रेमळ होतेच. त्यांच्या मांडीवर बसून मी बाराखडी शिकले, ती त्याच अक्षरांत.

म्हणजे माझी भाषा तुझ्या डोंगरात आली ती एका बाजूनं वहीतून. पण तेवढीच नाही, आणि हे मला प्रधानांमुळे कळलं. तुझ्या लोकांच्या कुळकथा सांगणारे प्रधान घरात मराठी बोलतात. चुलीपाशी मराठी, आणि किकरी हातात घेऊन पेनापुढं बसले की गोंडी. तीन तारांची ती किकरी, आमच्याकडं जिला किंगरी म्हणतात, ती वाजवत ते रात्ररात्र पूर्वजांची कथा लावतात. आमच्याच भाषेत पोरांना रागवणारा माणूस दुसऱ्याच्या देवांची, दुसऱ्याच्या संकटांची कथा तोंडपाठ ठेवतो, ती त्याची जबाबदारी मानतो. एकच घरची भाषा बोलणाऱ्यांपैकी एकानं तुझ्या लोकांचं देणं लिहून ठेवलं, दुसऱ्यानं त्यांचं असणं तोंडपाठ ठेवलं. मला दुसऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आहे, पण आधी पहिला माझा आहे हे सांगितल्याशिवाय ते जमणार नाही.

आणि किंगरीची एक गोष्ट. विदर्भातल्या गोंडांना ती ठाऊक आहे; गोंदिया जिल्ह्यात सालेकशाजवळ कचारगडची गुहा आहे, माघ पौर्णिमेला तिथं दूरदूरहून लोक येतात. कली कंकालीची तेहतीस लेकरं त्या गुहेत कोंडली गेली, तोंडावर मोठी शिळा लावली. आई बाहेर रडते. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांना सोडवायला निघतात, आणि हिरासुका पाटालीर आपली किंगरी वाजवायला बसतो. ते सूर आत पोचतात. अंधारात भुकेनं मरगळलेल्या पोरांच्या अंगात बळ येतं, सगळी मिळून शिळेला भिडतात आणि शिळा ढळते. ढळताना ती पाटालीरवर पडते. वाजवणारा तिथंच मरतो.

या कथेत मला दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की शिळा संगीतानं हललेली नाही, पोरांनी हलवली. सुरांनी फक्त त्यांना आपण तेहतीस आहोत याची जाणीव दिली. दुसरी, वाजवणाऱ्यानं किंमत मोजली. आघातातून कलेनं बाहेर पडता येतं असं आजकाल सहज म्हटलं जातं, शिबिरं होतात, रंगपेट्या वाटल्या जातात. मी त्याच्या विरोधात नाही. पण कचारगडच्या कथेइतकं खरं मी त्याबद्दल दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही.

तरी त्याच्या जवळ जाणारी दोन उदाहरणं आठवतात. नदीच्या पलीकडे, यवतमाळ-वर्ध्याकडे, कापसाच्या त्याच काळ्या मातीत वेगळी मरणं झाली, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. तुझ्या जिल्ह्यातही झाली. कर्ज, नापिकी, औषधाचा डबा. त्या घरांतल्या बायांनी एक नाटक केलं, ‘तेरवं’. श्याम पेठकरांनी लिहिलं, हरीश इथापेंनी बसवलं. रंगमंचावर उभ्या राहिल्या त्या नट्या नव्हत्या; कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा बाप. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचं, तू जाणतेसच. त्यानंतर लोकांचं येणं थांबतं आणि बाई एकटी पडते. त्या बाया ज्या दिवशी एकट्या पडल्या, तिथूनच नाटक सुरू करतात. त्यांच्यातल्या एकीनं २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं होतं, त्या जागेवर ती उभी राहिली आणि आपल्या बाजूनं बोलायचं ते बोलली. मला वाटतं, ते धैर्य तिला तालमींनी दिलं असेल. रोज दहाजणींसमोर आपलं मरणघर पुन्हा उभं करायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा.

फार लांब, आफ्रिकेत, रवांडात, १९९४ च्या कत्तलीनंतर दहा वर्षांनी ओडील गाकिरे कातेसे या नाटककार बाईंनी बायकांचं ढोलपथक उभं केलं, इंगोमा न्शा. तिथं तोवर ढोल हे पुरुषांचं काम होतं, बाईनं शिवायचं नव्हतं. पथकात मारले गेलेल्यांच्या घरच्याही होत्या आणि मारणाऱ्यांच्या घरच्याही. एका ठेक्यात हात पडायला लागल्यावरच त्यांना एकमेकींकडे बघता आलं असेल, असं मला वाटतं. हे वाचल्यापासून तुला एक विचारायचं आहे, रागावू नकोस. तुझ्या ओळीत पिसांचा टोप पुरुषाच्याच डोक्यावर असतो, आणि बाईचा वेश घ्यायचा तरी तोही पुरुषच घेतो. बाया ओट्यावरून बघतात, पाहुण्यांचं रांधतात. इंद्रवेल्लीच्या बाजारात बायाही होत्या. त्यांच्या पायांतलं भय कुठं जातं? तू तुझे नेम बदलावेस असं सांगायला मी कोण. पण तुझ्या नव्या पोरी शिकताहेत, बोलताहेत. त्या विचारतील तेव्हा त्यांना हाकलू नकोस.

आता एक तक्रार, आणि ती तुझ्याबद्दल नाही. कुठल्या इमारतीचं उद्घाटन असो, कुणी मोठा माणूस येणार असो, गुसाड्यांना बोलावलं जातं. पाहुणे तीन तास उशिरा येतात. तोवर ती माणसं उन्हात त्या टोपाचं ओझं डोक्यावर घेऊन उभी. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कोणाचा कार्यक्रम होता ते लिहीत नाही. गाडीतून उतरलेल्यांनी दोन मिनिटं मोबाइलवर चित्रण केलं आणि सगळे आत गेले. भोगी नव्हती, पेन नव्हता, यजमान गाव नव्हतं, जेवायला एक पुडी होती. तिथं तू नव्हतीस, दंडारी. तुझे कपडे होते. तुझ्यात बरं करण्याचं जे बळ आहे ते त्या येण्याजाण्यात आहे, एका गावानं दुसऱ्याला सामोरं जाण्यात. ते काढून घेतलं की उरते ती मिरवणूक. तुझ्या कलाकारांना मान मिळावा, पैसा मिळावा, तो मिळतो त्याहून पुष्कळ जास्त मिळावा. कनक राजूंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्यांनी आयुष्यभर आश्रमशाळेतल्या पोरांना पावलं शिकवली, ते त्या पदकाहून मोठं आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले. दिवाळी आठवड्यावर आली होती, तुझा हंगाम चालू होता. बातमी वाचून मी मारलवाईचा ढोल थांबला असेल की नसेल याचाच विचार करत राहिले. मला वाटतं, नसेल. तुझ्या लोकांना पौर्णिमेपासूनच ठाऊक असतं की मेलेल्यांना घेऊनच नाचायचं असतं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला, फेब्रुवारीत, इंद्रवेल्लीला स्मृतिवनाची पायाभरणी झाली, मुख्यमंत्री स्वतः आले. इतक्या वर्षांच्या जमावबंदीनंतर हे झालं, याचं मोल मी कमी करत नाही. मेलेल्यांच्या नावानं झाडं लागावीत. पण त्यांच्या वारसांच्या नावानं सातबारा लागावा, तुमच्याकडं जो कागद असेल तो लागावा. नाचून जमीन परत मिळत नाही. जंगलात कसलेल्या पोडूच्या शेतावर वनखात्याची माणसं येतात तेव्हा गुसाडीची काठी आडवी येत नाही. ज्या जखमेवर रोज नवा घाव बसतो ती कुठल्या ढोलानं भरेल? तुझ्यावर हे ओझं टाकणाऱ्यांत मला सामील व्हायचं नाही. तू माणसांना पुन्हा एकमेकांजवळ उभं करतेस. एवढं कुठल्याही सरकारला जमलेलं नाही. पुढचं काम आमचं, कायद्याचं आणि कागदाचं आहे.

आणि कागदावरून पुन्हा वहीकडे येते. आजोबांची वही मी फेकलेली नाही. घरातले म्हणतात, जाळून टाक, कशाला ठेवतेस. मला ती जाळता येत नाही. त्यात जी नावं आहेत त्यांतली कितीतरी माणसं आणखी कुठल्याच कागदावर नसतील. सरकारच्या नाही, जमिनीच्या तर नाहीच. गेल्या पावसाळ्यात मी त्यातली नावं आणि गावं एका नव्या कोऱ्या वहीत उतरवून काढली. आकडे उतरवले नाहीत. तेवढ्याला तीन महिने लागले. एकेका नावापाशी हात थांबायचा.

यंदा कोजागिरी झाली की तू निघशील. आमच्या बाजूला वळलीस तर आमच्या अंगणात ये. बाजरीच्या भाकरी आणि वालाची भाजी करते, आजी करायची तशी. रात्री नाच आटोपला आणि प्रधानबाबा किकरी जुळवायला बसले की मला थोडा वेळ दे. मी ती नावं मोठ्यानं वाचून दाखवीन, गावासकट. कुणाच्या आजोबाचं निघालं तर त्यानं हात वर करावा. वाचताना माझा आवाज अडकला तर ढोलवाल्याला सांग, थोडं वाजव. घुसाडी जवळ उभा राहू दे.

तुझी,
किनवटकडची एक